मदत हवी आहे: दुधाच्या पिशवीवरचे बोटांचे ठसे

नमस्कार मंडळी, मी न्यायवैद्यक विज्ञानात एमएस्सी करते आहे. प्रकल्पाचा विषय आहे प्लास्टिकवरचे बोटांचे ठसे सुपरग्लूच्या वाफेने उमटवणे. फेविक्विकमध्ये असतं तेच हे सायनोअॅक्रिलेट. बंद पेटीत ते तापवलं की त्याची वाफ ठशातल्या घामावर बसते, तिथेच त्याचं पॉलिमर तयार होतं आणि रेषा पांढऱ्या, टणक होऊन दिसू लागतात. पेटीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवते आहे. काळ्या कचऱ्याच्या पिशवीवर ठसे इतके सुरेख येतात की रेषेवरची घामाची छिद्रंसुद्धा मोजता येतात.

अडलंय ते दुधाच्या पिशवीपाशी. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे ठसा असूनही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रोडामाइन ६जी हा प्रकाशात चमकणारा रंग मिथेनॉलमध्ये विरघळवून लावला आणि हिरव्या प्रकाशात, नारिंगी फिल्टरमधून पाहिलं. पण मिथेनॉलने पिशवीवरची छपाईची शाई सुटते, रंग सगळीकडे बसतो आणि रेषा त्यातच हरवतात. गुन्ह्याच्या जागी अशाच छापील पिशव्या जास्त सापडतात, त्यामुळे हा भाग गाळून टाकणं मला पटत नाही.

पाण्यात कालवलेला बेसिक यलो ४० हा असाच चमकणारा रंग कुणी अशा पिशवीवर वापरलाय का? शाई टिकते का? आणि वाफ दिल्यानंतर रंग लावण्याआधी किती वेळ थांबता? प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.