एचडी डीव्हीडी विरुद्ध ब्लू-रे: 'कॉम्प्रेशन सुधारतंय' ही आवई कितपत खरी होती?

चकतीसंग्रह:
२००६-०७ मध्ये एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन प्रतिस्पर्धी एचडी चकत्या होत्या, आणि सगळीकडे एकच आवई होती: कॉम्प्रेशन (चित्राचा डेटा दाबून लहान करणं) इतकं सुधारतंय की ३० जीबीची एचडी डीव्हीडी ५० जीबीच्या ब्लू-रेला पुरून उरेल. यात तथ्य किती? आणि त्यासाठी नवा प्लेअर लागला असता का?

मॅक्रोब्लॉक:
प्लेअरचं आधी सांगतो: लागला नसता. एमपेग-२, व्हीसी-१ आणि एव्हीसी हे तिन्ही कोडेक (चित्र दाबायच्या-उलगडायच्या पद्धती; एमपेग-२ जुनी, बाकी दोन नव्या आणि कमी बिटांत भागणाऱ्या) दोन्हीकडच्या प्लेअरना सक्तीचे होते. प्लेअरमधला डीकोडर (चित्र उलगडणारा) ठरलेला असतो, पण बिट कुठल्या दृश्यावर किती खर्चायचे हे चकती बनवतानाचा एन्कोडर (चित्र दाबणारा) ठरवतो. तो सुधारला की जुन्याच प्लेअरवर चित्र सुधारतं.

आवईला आधार मात्र होता. सोनीच्या सुरुवातीच्या ब्लू-रे २५ जीबीच्या, एकाच थराच्या. चित्र एमपेग-२, आवाज अनकॉम्प्रेस्ड पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला. हिशेब करा: दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, म्हणून सरासरी २७.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). १६ बिट ५.१ (सहा चॅनेलचा) पीसीएम त्यातले ४.६ खातो. उरलेल्या २३ मध्येच मेनू आणि एक्स्ट्राही बसवायचे. समोर ३० जीबी आणि व्हीसी-१ असताना एचडी डीव्हीडी उजवी दिसणारच!

ग्रेनवाला:
बरोबर, पण एव्हीसी आणि व्हीसी-१ ब्लू-रेलाही मोकळेच होते, हे त्या चर्चेत कायम सुटायचं. वॉर्नरने तर कित्येक चित्रपटांचा एकच व्हीसी-१ एन्कोड दोन्हीकडे वापरला. कोडेकची आघाडी अशी एका बाजूची राहूच शकत नव्हती. उरली ती जागा आणि वेगाची कमाल मर्यादा. व्हिडिओला एचडी डीव्हीडीत २९.४ एमबीपीएस, ब्लू-रेत ४०. तीन तासांच्या चित्रपटाला ३० जीबीत सगळं मिळून सरासरी २२ मिळतात, ५० जीबीत ३७. फिल्मचा ग्रेन (बारीक दाणेदारपणा), पाऊस, धूर, उसळतं पाणी इथे हा फरक कळतो: बिट कमी पडले की आधी ग्रेन पुसला जातो, मग अंधाऱ्या भागात चौकोन दिसू लागतात. एव्हीसीच्या हाय प्रोफाइल या प्रकारात ८×८ ट्रान्सफॉर्म (चित्र ८×८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबायची पद्धत) आला तो ग्रेन टिकवायला फार उपयोगी पडला.

एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाची तीन थरांची ५१ जीबीची चकती बाजारात आलीच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी एचडी डीव्हीडीच थांबवली.

मॅक्रोब्लॉक:
घरी पडताळायचं तर चकती संगणकात घालून ब्लू-रेचं BDMV मधलं STREAM फोल्डर उघडा (एचडी डीव्हीडीत HVDVD_TS, फाइली .EVO). चित्रपटाच्या फाइलीचा आकार × ८ ÷ सेकंद = सरासरी बिटरेट, आवाज धरून. दोन ठिकाणी गफलत होते. विंडोज दाखवतं त्या जीबीला आधी १.०७४ ने गुणावं लागतं. आणि काही चकत्यांवर चित्रपट अनेक .m2ts तुकड्यांत असतो. तिथे सगळ्यात मोठी फाइल म्हणजे अख्खा चित्रपट नव्हे, प्लेलिस्टमधले (तुकड्यांचा क्रम सांगणाऱ्या यादीतले) सगळे तुकडे बेरजेत घ्या. डोळ्यांनी तुलना करताना टीव्हीचा नॉइज रिडक्शन आणि शार्पनेस बंद ठेवा, नाहीतर ग्रेन चकतीने खाल्ला की टीव्हीने, हे कळणार नाही.