मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबांची गरिबी मोजताना उत्पन्न धरू की खर्च?

मुक्ता_प
बीड जिल्ह्यातल्या दोन गावांत 120 घरांची पाहणी करायची आहे, बरीचशी ऊसतोडीला जाणारी. कोणतं घर खरंच गरीब आहे आणि गाव कोणाला गरीब समजतं, दोन्ही हवंय. उत्पन्नाच्या दाखल्यांचा उपयोग नाही, आकडे एकसारखे असतात. प्रश्नावली कशी बांधू?

खतावणी
खर्च धरा. उचल (मुकादमाने, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराने, हंगामाआधी दिलेली आगाऊ मजुरी) उत्पन्न म्हणून लिहिलीत तर हंगामाआधी घर श्रीमंत दिसतं, कर्ज म्हणून लिहिलीत तर तोडणीचे सगळे महिने कमाई शून्य. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येणारा रोजचा पैसा उत्पन्नात कुणी सांगतच नाही. तो तेल-मिठात जिरतो, तिथेच सापडतो.

सगळं 'गेल्या महिन्यात किती?' असं विचारू नका. तेल, भाजी, अंडी-मटण, मसाले, चहा, तंबाखू यांना गेले 7 दिवस. धान्य, डाळी, साखर, सरपण-गॅस यांना 30. कपडे, चपला, शाळा, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च, मोबाइलसारख्या वस्तू यांना 365. मग सगळं महिन्यावर आणा. घरची ज्वारी शेतावरच्या भावाने धरा, दुकानाच्या नाही. रेशनचे किलो वेगळ्या रकान्यात, किंमत नंतर लावा. 2022-23 च्या केंद्राच्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात ग्रामीण भागाचा माणशी मासिक खर्च 3773 रुपये आला आणि फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून 3860, म्हणजे त्यांनीही दोन्ही आकडे वेगळेच ठेवले.

आता खाच. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 ची महाराष्ट्राची ग्रामीण दारिद्र्यरेषा माणशी महिना 967 रुपये. त्या पद्धतीत तेल-भाजीलाही 30 दिवसच होते. 7 दिवसांचं विचारलं की जास्त आठवतं, खर्च फुगतो. त्यामुळे 967 नुसते महागाईने वाढवून लावलेत तर गरीब घरं आपोआप कमी होतील. रेषेवर बोट ठेवायचंच असेल तर 30 घरांना जुन्या पद्धतीनेही विचारा आणि फरक किती पडतो ते लिहा.

वाडीवस्ती
त्याआधी 'घर' म्हणजे काय ते ठरवा. एका चुलीवर जेवणारे म्हणाल, तर कोयता (ऊस तोडणारी जोडी) कारखान्यावर आणि म्हातारी-पोरं गावात असताना चुली दोन. हंगामात एकदा आणि माणसं परतल्यावर एकदा, अशा दोन फेऱ्या करा; कोण कुठे जेवतं ते माणशी लिहा.

गावाच्या मतासाठी चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक घर. वेगवेगळ्या वस्तीतले तिघे-चौघे घ्या, त्यात बाया हव्यातच, आणि एकेकाला वेगळं बसवा. चिठ्ठ्यांचे ढीग लावायला सांगा, ढीग किती ते त्यांनीच ठरवायचं. सगळ्यात सुखवस्तू ढीग 1 नंबरचा. ढिगाचा नंबर भागिले एकूण ढीग, गुणिले 100, हे त्या घराचे गुण; मग सगळ्यांची सरासरी. गुण जास्त तितकं घर गरीब. पलीकडच्या वस्तीचं माहीत नसेल तर 'माहीत नाही' असा ढीग ठेवा, नाहीतर अंदाजाने ठोकतात. प्रत्येक ढिगाला 'ही घरं इथे का?' विचारा. खरा माल त्या उत्तरात असतो. एकाच घराला दोघांनी दिलेल्या गुणांत 30 पेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा विचारा.

तराजू
टीव्ही, दुचाकीवरून गुण देऊ नका. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत 13 निकष होते, प्रत्येकी 0 ते 4 गुण. पण हप्त्यावरची दुचाकी आणि रोखीची दुचाकी अशा मोजणीत सारखीच. वस्तू विचारा, पण हप्ता किती बाकी तेही विचारा.

मुक्ता_प
आणि घर स्वतःला काय समजतं? दहा पायऱ्यांची शिडी दाखवणार होते, सगळ्यात खाली सगळ्यात गरीब, आणि स्वतःची पायरी विचारणार होते.

वाडीवस्ती
दाखवा, पण बहुतेक जण 4-5 वर बोट ठेवतात. 'गावातल्या बाकी घरांच्या मानाने' हे शब्द हवेत, नाहीतर कुणी तालुक्याशी तुलना करतं, कुणी मुकादमाशी. शिडी खर्चाच्या प्रश्नांआधी. खर्च आठवून झाल्यावर माणूस एखादी पायरी खालीच सांगतो. आणि घरकुलाच्या यादीसाठी आलेलो नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. तरीही थोडं लपवतील, धान्याच्या कणग्या नजरेने मोजून घ्या.

खतावणी
माणशी भागताना वयं लिहून ठेवा. लहान मुलांना अर्धं धरूनही एकदा हिशोब करा. चार पोरांची घरं तिथे गरीब-श्रीमंतीच्या क्रमात सरकतात.