ज्यूली अँड्र्यूजची एलायझा पडद्यावर यायला हवी होती का?

नौपाड्यातून, चर्चेची सुरुवात

मी घरी नाट्यसंगीत शिकवते. मागच्या रविवारी शिकवणीनंतर माझ्या विद्यार्थिनींनी 'माय फेअर लेडी' हा १९६४ चा चित्रपट पाहिला आणि ऑड्री हेपबर्नच्या गळ्याची मनापासून स्तुती केली. तो गळा बहुतेक गाण्यांत मार्नी निक्सन यांचा आहे, आणि हा चित्रपट ज्या संगीत नाटकावरून निघाला त्यात एलायझा या नायिकेची हीच भूमिका ज्या नटीने स्वतः गाऊन उभी केली तिला चित्रपटात घेतलेच नाही, हे सांगितल्यावर मुली गप्प झाल्या.

ज्यूली अँड्र्यूज यांनी १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एलायझा पहिल्यांदा रंगवली तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्क आणि लंडन मिळून सुमारे साडेतीन वर्षे, आठवड्याला आठ प्रयोग, अशी ती भूमिका त्यांनी केली. ज्यांनी रोज तीन तासांचा रियाज केला आहे त्यांना या आकड्याचा अर्थ समजेल. पुढे निर्माते जॅक वॉर्नर यांनी चित्रपटाचे हक्क ५५ लाख डॉलरला घेतले आणि चित्रपटसृष्टीत नाव नसलेली नटी म्हणून ज्यूली यांना वगळले. माझे म्हणणे असे, की संगीत नाटकातील भूमिकेत गाणे हे वरून चढवलेले दागिने नसतात. ती व्यक्तिरेखा गाण्यातूनच घडते. म्हणून चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा घेऊन एलायझा पुरी होत नाही, आणि जिने ती पुरी केली होती तिचे काम आज मुख्यतः ध्वनिमुद्रिकांत उरले आहे, ही माझ्या दृष्टीने मोठी हानी आहे.

नेरूळहून प्रतिसाद

ताई, आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मत पटले नाही. मी नाटकांचे ध्वनिसंयोजन करतो. रंगमंचावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो, तर पडद्यावर पापणीची हालचालही हातभर मोठी दिसते; ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही एकाच व्यक्तीने करावीत असा नियम नाही. पार्श्वगायन आपल्याकडे कमीपणाचे मानले जात नाही. २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटात सदाशिवच्या भूमिकेत सुबोध भावे होते आणि गळा महेश काळे यांचा होता. त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुणाला फसवल्यासारखे वाटले नाही.

शिवाय भूमिका हुकल्यामुळे ज्यूलीबाईंचे नुकसान झाले असे म्हणता येईल का? वॉल्ट डिस्ने यांनी 'कॅमेलॉट' नाटकात त्यांना पाहून 'मेरी पॉपिन्स'साठी विचारले, त्या गरोदर होत्या म्हणून थांबायचीही तयारी दाखवली, आणि त्याच चित्रपटासाठी १९६५ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. हेपबर्न यांना त्या वर्षी नामांकनही नव्हते. लगोलग 'द साउंड ऑफ म्युझिक' आला. एलायझा मिळाली असती तर हे सारे असेच घडले असते का?

आणखी एक. 'माय फेअर लेडी' ज्यावर आधारलेले आहे त्या बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरूनच पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिली. भक्ती बर्वे यांच्या मंजुळेला एलायझासारखी गाणी नव्हती, तरी ती अपुरी वाटली नाही.

पुन्हा नौपाड्यातून

भक्तीताईंचे उदाहरण आपण माझ्याच बाजूने दिले आहे. मंजुळेच्या त्या गाजलेल्या संतापाच्या स्वगतात चढउतार, ठेहराव आणि श्वास यांची मांडणी अशी होती की ते गद्य असूनही त्याला लय होती, आणि ती लय त्यांच्या स्वतःच्या गळ्यातून येत होती. दुसऱ्या कुणाचा आवाज त्या स्वगतावर बसवला असता तर आपण मान्य केले असते का?

'कट्यार'विषयी आपले म्हणणे निम्मे मान्य आहे. गाणाऱ्याचे नाव तिथे लपवलेले नव्हते. मार्नी निक्सन यांचे नाव मात्र पडद्यावरच्या श्रेयनामावलीत आले नाही. पण १९६७ साली रंगभूमीवर त्याच 'कट्यार'मध्ये फैय्याज यांनी झरीना स्वतः गाऊन साकारली होती. संवादाचा शेवटचा शब्द आणि चिजेचा पहिला सूर एकाच श्वासात आला की झरीनाची तगमग कशी पोहोचते, हे ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांना मी सांगायला नको.

आणि 'माय फेअर लेडी'मधली खरी बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. रंगभूमीवर एलायझाला शिकवणाऱ्या प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन यांना चित्रपटात कायम ठेवले. ते आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला तयार नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी बिनतारी मायक्रोफोनची सोय करून गाणी चित्रीकरणातच मुद्रित केली. म्हणजे जो अर्धे बोलत, अर्धे गात होता त्याच्या आवाजासाठी यंत्रणा बदलली, आणि जी खरोखर गाणारी होती तिला मात्र वगळले.

नेरूळहून

हॅरिसन यांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मान्य करतो. मात्र ते आधीपासून चित्रपटांतले नामवंत नट होते आणि निर्मात्याने पैसे लावताना तेवढेच पाहिले. त्यात अन्याय असेल, पण कलेविषयीचा निर्णय नव्हता.

कळव्याहून, तिसरे मत

मी ताईंकडेच शिकते, पण माझा प्रश्न दोघांनाही आहे. १९९५ मध्ये ज्यूली अँड्र्यूज 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' घेऊन न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर परतल्या, तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. पुढच्या वर्षी त्या नाटकातून एकट्या त्यांनाच टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्काराचे नामांकन मिळाले, तर बाकीच्या मंडळींकडे दुर्लक्ष झाले म्हणून त्यांनी ते नाकारले. १९९७ मध्ये स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा गाता गळा गेला. तरीही २००१ मध्ये 'द प्रिन्सेस डायरीज'मध्ये त्या राणी म्हणून उभ्या राहिल्या आणि माझ्या वयाच्या मुलींनी त्यांना तिथेच प्रथम पाहिले. व्यक्तिरेखा गळ्यातूनच घडत असेल, तर गळा गेल्यावरच्या या कामाला काय म्हणायचे?

नौपाड्यातून

बाळ, याचे पूर्ण उत्तर मला आज देता येणार नाही. त्या राणीचे संवाद मी पुन्हा ऐकले. एकही सूर लावायचा नसताना त्या वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देत नाहीत, शेवटच्या अक्षरापर्यंत तोलून धरतात; ही सवय गाण्यातली आहे. रविवारी येताना १९५६ ची न्यूयॉर्कची आणि १९५९ ची लंडनची, अशा दोन्ही ध्वनिमुद्रिका ऐकून ये. नेरूळच्या सरांनाही वेळ असेल तर त्यांनीही यावे.