हान्स हर हाउस (लँकेस्टर, पेन्सिल्वेनिया): धुराडं घराच्या मधोमध का?

जर्सीकर: दरवेळी लँकेस्टरला गेलो की आमिश (जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती) लोकांच्या बग्ग्या आणि आऊटलेट मॉल करून परत, यावेळी पाहुण्यांना घेऊन हान्स हर हाउसला गेलो. दगडी घर, दारावर १७१९ कोरलंय, छप्पर इतकं उतरतं की अर्धं घर छपरातच. गाईड भराभर बोलत होती म्हणून विचारायचं राहिलं. धुराडं घराच्या मधोमध का? आणि बैठकीच्या खोलीत चूल नाहीच, मग तिथल्या थंडीत बसायचे कसे हे लोक?

माळ्यावरचा: दोन्हीचं उत्तर एकच आहे. बैठकीत लोखंडी पत्र्यांची पेटी असते ना, ती शेगडी. पाच बाजू बंद, सहावी उघडी, पण ती भिंतीतून पलीकडे स्वयंपाकघरात उघडते. निखारे तिकडून आत सारायचे, धूर तिकडच्याच धुराड्यातून वर, बैठकीत नुसती ऊब. त्यामुळे चूल आणि शेगडी एकाच भिंतीला पाठ लावून हवीत, म्हणून धुराडं मधे. इंग्रज लोक उघड्या फायरप्लेससमोर बसायचे, निम्मी ऊब धुराड्यातून बाहेर!! ही बैठक प्रार्थनेलाही वापरायचे, हे लोक मेनोनाइट, म्हणजे एक ख्रिस्ती पंथ, त्यांना वेगळं चर्च लागत नसे.

रानवारा: नाव हान्सचं असलं तरी घर बांधलं मुलाने, ख्रिश्चनने, दारावर त्याच्याच नावाची आद्याक्षरं आहेत. मूळचे स्विस, तिकडे धर्मावरून छळ झाला म्हणून आधी जर्मनीत आणि १७१० मध्ये इकडे. नव्या देशात येऊन घर मात्र डोक्यात होतं तेच बांधलं.

जर्सीकर: भारी! आणि ते आजूबाजूचे बार्न (गुरांचे-चाऱ्याचे मोठे गोठे), वरचा मजला पुढे आलेला, ते पण यांचंच का?

माळ्यावरचा: हो, आणि मला विचाराल तर घरापेक्षा बार्नच बघा. उतारावर बांधतात, मागून चढावरून गाडी थेट वरच्या मजल्यावर, गुरं खाली, चारा वरून खाली टाकायचा, उचलायची भानगडच नाही. पुढे आलेला भाग बहुतेक दक्षिणेकडे, त्याखाली गुरांना आडोसा. याचं मूळ पूर्व स्वित्झर्लंडमधल्या प्रेटिगाउ खोऱ्यात सापडतं. गंमत म्हणजे पुढच्या पिढ्यांनी घरं इंग्रजांसारखी केली, मधे दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, धुराडी टोकाला. लोकांना दाखवायचं ते बदललं, गुरांचं आहे तसंच ठेवलं कारण ते चालत होतं.