दमन, दडपणं की दडणं? 'डिफेन्स मेकॅनिझम'ला मराठीत काय म्हणावं

एका समुपदेशन केंद्राचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'डिफेन्स मेकॅनिझम' म्हणजे त्रासदायक भावना-विचारांपासून मन स्वतःला वाचवतं ते प्रकार; त्याला पाठ्यपुस्तकी शब्द 'संरक्षण यंत्रणा'. तो लिहून कच्चा मजकूर केंद्रात बाकावर बसलेल्या एका मावशींना वाचायला दिला. त्यांनी चष्मा वर सारत विचारलं, "हे मिलिटरीचं आहे का गं?" तिथेच अडलेय. 'बचाव यंत्रणा' म्हटलं तर पूर आणि रबरी बोटी डोळ्यांसमोर येतात.

पुढची यादीही तशीच: रिप्रेशन (नको ती आठवण जाणिवेबाहेर जाणं) म्हणजे दमन, डिनायल म्हणजे नकार, प्रोजेक्शन (स्वतःच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात दिसणं) म्हणजे प्रक्षेपण, डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन, रॅशनलायझेशन म्हणजे समर्थन. 'विस्थापन' वाचून मावशींना धरणग्रस्त आठवले तर त्यांचं काय चुकलं? तुम्ही काय वापरता?

* * *

ताई, शब्द मुळात जर्मन आहे, तिकडून बघा. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड, त्यांनी 1894च्या लेखात 'आबव्हेर' वापरला. म्हणजे अंगावर चालून आलेलं परतवणं, वारणं. पुढे 1936 साली त्यांची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड हिने या सगळ्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं आणि वडिलांना ऐंशीव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. (अशी भेट घ्यायला बापही तसाच हवा!) 'यंत्रणा' सोडा, 'मनाचं वारण' म्हणा. 'निवारण' तर सगळ्यांना कळतंच.

बाकीच्यांसाठी म्हणी आहेतच की. डिस्प्लेसमेंट म्हणजे साहेबाचा राग बायकोवर, वड्याचं तेल वांग्यावर. रॅशनलायझेशन म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट, किंवा नाचता येईना अंगण वाकडं. चोराच्या उलट्या बोंबा हे प्रोजेक्शन. लेकी बोले सुने लागे हेही डिस्प्लेसमेंटच.

जाता जाता: सब्लिमेशनला रसायनशास्त्रात 'संप्लवन' म्हणतात, कापूर न वितळता थेट हवेत उडून जातो ते. मानसशास्त्रात (नको ती ऊर्मी चांगल्या कामाकडे वळणं) त्याचं 'उदात्तीकरण' झालं आणि कापराचा वास गेला. वाईट वाटतं.

* * *

काका, म्हणी ऐकायला छान, पण समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या माणसाला 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हटलं तर तो पुढच्या आठवड्यात फिरकणार नाही. म्हण टोमणा मारते. शिवाय त्यातल्या दोन इथे बसतच नाहीत. लेकीला बोलणाऱ्या सासूला आपण कुणाला ऐकवतोय हे पक्कं ठाऊक असतं, आणि उलट्या बोंबा मारणाऱ्या चोरालाही. आपण बोलतोय ते नकळत होणाऱ्या गोष्टींबद्दल.

माझी खरी तक्रार 'दमन'बद्दल आहे. आपल्याकडे हा शब्द शम-दम, इंद्रियदमन अशा घरचा. तिथे दमन म्हणजे जाणूनबुजून, कष्टाने केलेलं, आणि चांगलं. रिप्रेशन नेमकं उलटं, ज्याचं त्यालाच पत्ता नसतो. ठरवून बाजूला ठेवणं हे सप्रेशन. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी 1977मध्ये या प्रकारांची उतरंड मांडली, तिच्यात सप्रेशन सगळ्यात प्रगल्भ गटात आहे, विनोद आणि परोपकाराच्या पंगतीला. म्हणजे आपण चांगल्याचं नाव दुसऱ्यालाच देऊन बसलोय.

मला उत्तर एका बाईंकडून मिळालं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललाय). वडील गेले त्या आठवड्याबद्दल विचारलं. मी वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "म्हणजे तुम्ही ते विसरलात." त्यांनी माझा पेन थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "विसरले नाही हो मॅडम. विसर पडला."

व्याकरण तिथेच आहे. 'मी विसरले'मध्ये मी कर्ता, 'मला विसर पडला'मध्ये मी नाही. मराठीत अशा जोड्या कितीतरी. मी दडपलं, मनात दडून बसलं. मी मान्य करत नाही, मन घेत नाही. त्याने राग काढला, राग निघाला. पुस्तकी नामं सगळी पहिल्या बाजूची, त्यामुळे माणसाने मुद्दाम काहीतरी केलं असं वाटतं. माझ्याकडे येणारे लोक दुसऱ्या बाजूने बोलतात. तेव्हा सप्रेशनला 'दडपणं' आणि रिप्रेशनला 'दडून बसणं'. नाम हवंच असेल तर 'दडण' पाडून बघा, कानाला चमत्कारिक लागेल खरं.

पुस्तकी शब्द रुळतच नाहीत असं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या उपचारपद्धतीला मराठीत 'विवेकनिष्ठ' म्हणतात, कि. मो. फडके यांच्या कामामुळे हे नाव परिचयाचं झालं, आणि आता कुणी अडखळत नाही. विवेक हा शब्द आधीच घरात होता ना.

* * *

'राग निघाला' हे मला पटत नाही. पोराच्या थोबाडीत मारायची आणि वर म्हणायचं, राग निघाला! आमच्या घरात हे वाक्य फार ऐकलंय. कर्ता गायब झाला की जबाबदारीही गायब.

* * *

पटलं दादा. पण मारलं हे मारलंच, तिथे कर्ता ठेवायचाच. ज्याचा राग होता तो साहेब, आणि मार खाल्ला पोराने, ही अदलाबदल मात्र बापाच्या नकळत झाली. 'निघाला' तेवढ्यापुरतंच.

* * *

सगळ्यांचे आभार. 'वारण' मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, "वरणाला काना जास्तीचा लागलाय का?" त्यामुळे तो गेला. शीर्षक आता 'मन स्वतःला कसं सांभाळतं' असं केलंय, आणि खाली नामांऐवजी वाक्यं: 'नको ते मनात दडून बसतं', 'घडलेलं मन घेत नाही', 'एकाचा राग दुसऱ्यावर निघतो' (आणि पुढच्याच ओळीत दादांच्या सांगण्यावरून: 'मारणं थांबवणं आपल्या हातात आहे').

प्रोजेक्शनचं अजून अडलंय. स्वतःच्या मनातला संशय समोरच्याच्या मनात दिसणं, याला तसं बिनकर्त्याचं क्रियापद आहे का? 'कावीळ झाल्यावर सगळं पिवळं दिसतं' एवढंच सुचतंय, पण कावीळ झालेला माणूसच ते पत्रक वाचणार आहे.