उपचार संपले, ताण संपला नाही : स्तनाच्या कर्करोगानंतर समूहोपचाराला जावे का?

मोगरा_५१

नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहते, वय ५१, शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी मला उजव्या स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया, केमो आणि शेक (रेडिएशन) हे सगळे पार पडून आता १४ महिने झाले आहेत. आजार परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज सुरू आहे आणि मागच्या मॅमोग्राफीचा रिपोर्ट चांगला आला आहे. म्हणजे कागदोपत्री मी बरी आहे.

प्रत्यक्षात मला रात्री तीनला जाग येते आणि मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. फळ्याच्या वरच्या कडेला समीकरण लिहायला हात उचलला की काखेत ओढ लागते आणि वर्गासमोर उभी असतानाच मनात येते, ही जुनीच ओढ आहे की काही नवीन? तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस तर घरात कोणी माझ्याशी धड बोलू शकत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी प्रेमाने सांगितले, "छान दिसतेस, आता टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननेच हे परत येते." तेव्हापासून मला टेन्शन येण्याचेच टेन्शन येऊ लागले आहे.

माझ्या डॉक्टरांनी समूहोपचार सुचवला आहे. माझ्या मनात दोन शंका आहेत. दहा बायकांची दुखणी ऐकून माझी भीती वाढणार नाही का? आणि समूहात जाऊन ताण कमी झाला तर आजार परत येण्याची शक्यता खरोखर कमी होते का? जे मी यांच्याजवळही कधी बोलले नाही, ते अनोळखी बायकांसमोर कसे बोलणार, हा संकोच तर आहेच.

समुपदेशक_वर्धारोड

ताई, तुमची पहिली शंका जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या भेटीत विचारते, म्हणून तिचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि कर्करोगाच्या रुग्णांचे गट चालवतो.

नीट बांधलेला गट म्हणजे कोणीही यावे आणि वाटेल ते सांगावे अशी बैठक नसते. साधारण आठ ते दहा जणी असतात, आठवड्यातून एकदा दीड तास भेटायचे असते, आणि एकदा गट सुरू झाला की बहुतेक ठिकाणी मध्येच नवीन व्यक्ती घेतली जात नाही. गटात घेण्यापूर्वी प्रत्येकीशी स्वतंत्र भेट होते. त्या भेटीत झोप, भूक, उदासी, जगणे नकोसे वाटते का, हे सगळे विचारले जाते. ज्यांना आधी एकटीने उपचार हवेत त्यांना आम्ही लगेच गटात बसवत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ज्यांचे उपचार पूर्ण झाले आहेत त्यांचा गट आणि ज्यांचा आजार हाडांत किंवा फुप्फुसांत पसरला आहे त्यांचा गट शक्यतो वेगळा ठेवला जातो, कारण दोघींचे प्रश्न वेगळे असतात. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या गटात ही काळजी घेतली जाते का, हे आधी विचारून घ्या. उत्तर गोलमोल मिळाले तर दुसरा गट शोधा.

दुसऱ्याचे ऐकून भीती वाढते का? पहिल्या एक-दोन बैठकींनंतर काहींची वाढते, हे मी लपवणार नाही. मात्र तुम्हाला रात्री तीनला जी भीती वाटते ती तुम्ही एकटीने सांभाळत आहात, आणि एकटीने सांभाळलेल्या भीतीला मर्यादा राहत नाही. तीच भीती दुसरी बाई तुमच्यासमोर शब्दांत मांडते, तेव्हा तिला आकार येतो आणि तिच्याशी काय करायचे यावर बोलता येते.

एक सूचना वेगळी. झोपेसाठी किंवा उदासीसाठी कोणी औषध लिहून दिले तर टॅमॉक्सिफेन सुरू असल्याचे आवर्जून सांगा. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यांसारखी उदासीवरची काही औषधे टॅमॉक्सिफेनचे शरीरात सक्रिय रूपांतर होण्यात अडथळा आणतात. त्यांना पर्याय उपलब्ध आहेत.

जुना_मेडिकलवाला

दुसऱ्या शंकेवर लिहितो, कारण या विषयावर व्हॉट्सअॅपवर फार चुकीचे फिरते.

समूहोपचाराने आयुष्य वाढते ही कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासातून पसरली. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आजार पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांनी वर्षभर साप्ताहिक गटात भाग घेतला त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९ महिने. आकडे थक्क करणारे होते, त्यामुळे पुन्हा तपासणे भागच होते. २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात आयुष्य वाढलेले दिसले नाही. मात्र गटातील स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि वेदनेचा त्रास कमी जाणवला, विशेषतः ज्या मुळात जास्त त्रस्त होत्या त्यांच्यात. पुढे २००७ साली खुद्द स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांनाही एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही, आणि त्यांनी तो निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला. मला स्वतःला त्यांच्या पहिल्या अभ्यासापेक्षा त्यांचाच हा दुसरा अभ्यास जास्त आदराचा वाटतो.

तुमच्यासारख्या, म्हणजे उपचार पूर्ण झालेल्या पण ताणात असलेल्या स्त्रियांवरचा एक चांगला अभ्यास कॅनडातील लिंडा कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. २७१ स्त्रियांपैकी काहींना सजगता-ध्यान आणि सौम्य योगाचा गट, काहींना मन मोकळे करण्याचा आधारगट आणि उरलेल्यांना फक्त एका दिवसाची कार्यशाळा असे दिले. कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक निरोगी माणसात सकाळी जास्त असते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. दीर्घकाळ ताण राहिला की हा उतार सपाट होऊ लागतो. लाळेचे नमुने तपासले तेव्हा दोन्ही गटांतील स्त्रियांचा हा उतार एका दिवसाच्या कार्यशाळेवाल्यांपेक्षा चांगला टिकला होता, आणि ताणाची लक्षणे ध्यानाच्या गटात सर्वांत जास्त कमी झाली.

पण ताई, कॉर्टिसोलचा उतार सुधारला म्हणजे आजार परत येणार नाही, असे यातून सिद्ध होत नाही. आणि टेन्शन घेतल्यामुळे स्तनाचा कर्करोग परत येतो, यालाही ठोस पुरावा नाही. हळदीकुंकवातल्या त्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण त्यांचे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे. गटात जायचे ते झोप लागावी, शाळेत मन लागावे म्हणून जा. आजाराशी झुंजायचे काम गोळी आणि तपासण्या करत आहेत, ते तुमच्या मनःस्थितीवर टाकू नका.

संत्राबर्फी

मी सहा वर्षांपूर्वी याच रस्त्याने गेले आहे, म्हणून अभ्यास वगैरे सोडून जे पाहिले ते लिहिते.

आमच्या गटात नऊ जणी होतो. दोघी चंद्रपूरकडून येत असत, एक बालाघाटची होती, बाकी नागपूरच्या. पहिल्या तीन बैठकींत मी एक शब्द बोलले नाही आणि कोणी बोलायला लावलेही नाही. चौथ्या बैठकीला मे महिना होता, बाहेर ४५ अंश, कूलरचे पाणी संपलेले. एक बाई पदराने वारा घेत म्हणाली, "मला कळतच नाही, ही गोळीची वाफ आहे की नागपूरचा उन्हाळा!" आम्ही सगळ्या इतक्या हसलो की बाहेरच्या शिपायाने दार उघडून पाहिले. माझ्या अंगातून दिवसातून दहादा निघणाऱ्या त्या वाफा मी वर्षभर घरात लपवत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले.

मग छातीचा विषय निघाला. काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवायचा दुकानातला सिलिकॉनचा उंचवटा उन्हाळ्यात घामाने चिकटतो आणि महागही असतो. बालाघाटच्या ताईंनी स्वतः शिवलेली सुती कापडाची थैली पर्समधून काढून दाखवली, आत कापूस आणि वजनासाठी मूठभर मोहरी. ती हातोहात नऊ जणींकडून फिरली. कोणी वजन पाहिले, कोणी शिवण पाहिली. मला वाटते तो माझ्यासाठी सगळ्या सत्रांपेक्षा मोठा उपचार होता, कारण त्या खोलीत ती वस्तू लाजेची राहिली नाही.

वाईटही सांगते. आमच्यातल्या एकीचा आजार परत आला. त्या आठवड्यात मला गटात जायचेच नव्हते, आणि दोघी खरोखरच आल्या नाहीत. गट चालवणाऱ्या मॅडमनी विषय टाळला नाही, पूर्ण दीड तास त्यावरच बोललो, आणि जिचा आजार परत आला होता तिने स्वतःच सांगितले की माझ्याकडे दयेने पाहू नका, डबा आणा. त्यानंतर दर बैठकीला कोणी ना कोणी तिच्यासाठी काहीतरी करून आणत असे. माझी भीती त्यामुळे गेली नाही. तपासणीच्या आधी मला आजही जेवण जात नाही, पण आता ते पंधरा दिवसांचे दोन दिवस झाले आहेत.

आणि कृपा करून व्हॉट्सअॅप ग्रुपला समूहोपचार समजू नका. मी ज्यात होते त्यात सकाळी गुलाबाची चित्रे, दुपारी गोमूत्र आणि रात्री कोणाच्या तरी निधनाची बातमी असे. मी बाहेर पडले.

वाट_पाहणारा

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो. माझी पत्नी गटात जाऊ लागली तेव्हा मला राग आला होता, की जे मला सांगत नाही ते परक्यांना सांगते. नंतर लक्षात आले, ती मला सांगत नव्हती कारण सांगितल्यावर माझाच चेहरा उतरायचा आणि मग तिला मलाच धीर द्यावा लागायचा. तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या.

मोगरा_५१

सर्वांचे मनापासून आभार. "उतार सपाट होतो" हे गणिताच्या बाईला लगेच कळले. मी आज रुग्णालयातील समाजसेविकेला फोन केला. उपचार पूर्ण झालेल्यांचा गट वेगळा आहे आणि स्वतंत्र भेट येत्या गुरुवारी शाळा सुटल्यावर आहे. यांना वरचा प्रतिसाद वाचायला दिला; त्यांनी वाचून चष्मा पुसला आणि मला सोडायला येतो म्हणाले. सोबत काय न्यायचे असते?

संत्राबर्फी

जुने रिपोर्ट आणि सुरू असलेल्या गोळ्यांची यादी न्या, आणि पाण्याची बाटली. यजमानांना खुशाल येऊ द्या, पण आत एकटीच जा. तपासायच्या वह्या मात्र नेऊ नका. मी पहिले तीन आठवडे विणकाम घेऊन बसत असे, मान वर करावी लागू नये म्हणून. तो स्वेटर अजून अर्धाच आहे.