शुद्ध, भान की जाणीव?

अर्धविराम: एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडलोय. भूल चढताना आणि उतरताना मेंदूतल्या विद्युत लहरी कशा बदलतात, या अभ्यासात भाग घेणाऱ्यांसाठीचं पत्रक आहे. मुळात 'कॉन्शसनेस' सात वेळा आलाय. मी सगळीकडे 'शुद्ध' घातलं, तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे 'चेतना' केलं. 'तुमची चेतना हळूहळू कमी होईल' हे वाचून मी तरी सही करणार नाही.

कानामात्रा: 'शुद्ध'च बरोबर. शुद्ध हरपते, माणूस शुद्धीवर येतो, सगळं तयार आहे. फक्त 'बेशुद्ध' टाळा. फारसी उपसर्गाला संस्कृत शब्द बांधलाय. 'शुद्धिहीन' लिहा.

टाचणी: 'शुद्धिहीन' वाचून पेशंट विचारेल, आंघोळ करून येऊ का? 'बेसूर'ला काय 'स्वरहीन' म्हणता?

पोटशब्द: 'भान' विसरलात सगळे. 'भा' म्हणजे चमकणं. भास, आभास, भान एकाच घरातले. भान हरपून गाणं ऐकणारा माणूस पूर्ण शुद्धीत असतो, म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्याच.

भूलथाप: (पेशाने भूलतज्ज्ञ, म्हणून हे नाव.) पोटशब्द म्हणतात तिथेच खरी गोम आहे. ऑपरेशनच्या वेळी आम्ही कपाळावर पट्टी चिकटवतो, तिच्यातून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, येतो. जागेपणी डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांची अल्फा लय असते. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध चढलं की ती तिथून मावळते, तशीच लय पुढे कपाळाकडे उमटते आणि जोडीला मोठ्या संथ लाटा येतात. यंत्र त्यावरून 0 ते 100 मधला आकडा काढतं (जितका वर, तितका माणूस जागा), तो 40 ते 60 मध्ये ठेवायचा. पण केटामाइन हे भुलीचं दुसरं औषध दिलं की पेशंट हाकेला ओ देत नाही आणि आकडा मात्र वर चढू शकतो. उठल्यावर कुणी कुणी चित्रविचित्र स्वप्नं सांगतात. आता याची शुद्ध गेली होती, पण जाणीव?

आणखी एक. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळला की औषध त्या हातापर्यंत पोचत नाही. मग कानाशी म्हणायचं, 'माझा हात दाबा.' काही जण चक्क दाबतात. उठल्यावर त्यांना यातलं काही आठवत नाही. यांना काय म्हणाल?

अर्धविराम: म्हणजे सात जागी तीन शब्द? बाई मला फाडून खातील.

टाचणी: माझा ईईजी काढला तेव्हा रात्रभर जागून यायला सांगितलं होतं. केसांत पेस्ट, डोक्यावर वायरींचं जंगल. तंत्रज्ञ म्हणाली, 'डोळे मिटा, पेंग येऊ द्या.' रिपोर्टात मात्र 'ड्राउझी'. आपल्याकडे एवढे शब्द असताना! झापड पापण्यांची, पेंग मानेची, गुंगी औषधाची, ग्लानी तापाची. (पेस्ट दोन दिवस निघाली नाही, ते वेगळंच.)

पोटशब्द: झापड आणि पेंग यांतला फरक तुम्ही आत्ता बनवलात.

टाचणी: बनवला तर बनवला. चुकलाय का?

कानामात्रा: मुळात 'ईईजी' कशाला? 'विद्युत मस्तिष्कालेख' म्हणा. हृदयालेख चालतो ना?

भूलथाप: ऑपरेशन थिएटरमध्ये तो शब्द उच्चारेपर्यंत पेशंट जागा होईल. हान्स बर्गरने 1924 मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला, 1929 मध्ये छापला आणि नाव ग्रीकवरून पाडलं. ग्रीकमध्ये 'एन्केफालोस' म्हणजे नुसतं 'डोक्यातलं'. एवढा साधा शब्द आहे तो. आपणच त्याला सोवळं नेसवतो.

पोटशब्द: मग सरळ 'मेंदूलेख' म्हणा.

कानामात्रा: देशी शब्दाला तत्सम जोडून समास? संकर आहे हा.

अर्धविराम: मंडळी, पत्रक उद्या द्यायचंय. चौथ्या वाक्यात 'शुद्ध' ठेवू की 'जाणीव'?

टाचणी: 'मेंदूज्वर' चालतो ना? तोही संकरच.

कानामात्रा: तो रोग आहे. रोगाला कोण व्याकरण विचारतो?